शेवटची विकेट आणि ताळा

गरवारे स्टेडियमवर मी मुद्दाम स्कोअररच्या टेबलाशेजारी बसतो. शेवटच्या गड्याची दांडी उडाली की खेळाडू पॅव्हेलियनकडे वळतात. स्कोअररचं जिकिरीचं काम मात्र तेव्हा सुरू होतं. दहा बाद झाले, अकराव्याला जोडीदार उरला नाही, त्याच्या नावापुढे 'नाबाद' पडतं. मग बेरजा. एकीकडे फलंदाजांच्या धावा आणि सगळ्या अवांतर, दुसरीकडे गोलंदाजांनी दिलेल्या धावा आणि त्यात बाय, लेगबाय. वाइड-नोबॉल गोलंदाजाच्या खात्यात आधीच धरलेले असतात, ते पुन्हा मिळवले की ताळा बसत नाही. एका धावेचा फरक निघाला तर पेन्सिल एकेक षटक मागे सरकते आणि एखाद्या लेगबायवर थांबते. ती फलंदाजाच्या नावावरही पडलेली असते. ती खोडली की आकडे जुळतात, आणि दुसऱ्या संघाच्या स्कोअररची वही शेजारी उघडली जाते.

सगळेच डाव दहाव्या विकेटने संपत नाहीत. षटकं संपतात, कर्णधार डाव घोषित करतो. १९७६ साली किंग्स्टनला भारताचा दुसरा डाव पाचच गडी बाद असताना ९७ धावांवर संपला, कारण उरलेले जखमी होते.

लक्ष्य गाठल्यावरही डाव तिथेच थांबतो. त्याचं सुंदर उदाहरण आपल्या छत्रपती संभाजीनगरात (तेव्हाच्या औरंगाबादेत) जन्मलेल्या इक्बाल सिद्दिकीचं. डिसेंबर २००१ मध्ये मोहालीत, त्याच्या एकमेव कसोटीत, भारताला इंग्लंडविरुद्ध पाचच धावा हव्या होत्या. या वेगवान गोलंदाजाला दीप दासगुप्तासोबत सलामीला पाठवलं आणि पाचही धावा त्यानेच काढल्या. कर्णधाराचा हा निर्णय मला मनापासून आवडतो.

एक शेवट मात्र अजून पटत नाही. डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान. काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर खेळत होते, ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विक्रमी ४५२ पासून नऊ धावा दूर. विश्रांतीनंतर काठियावाडचा संघ मैदानात उतरलाच नाही, त्यांच्या कर्णधाराने सामना सोडला. दोन-तीन षटकं आणखी टाकायला काय हरकत होती? सामना महाराष्ट्राला मिळाला. डाव सर्वबाद झाला नव्हता, कर्णधाराने घोषितही केला नव्हता. नोंद राहिली ती ४ बाद ८२६, निंबाळकर नाबाद ४४३. प्रथम श्रेणीत भारतीयाची याहून मोठी खेळी अजून झालेली नाही.