ऑर्गन फ्रान्समध्ये, वाद्यवृंद शिकागोत

कामीय सँ-साँस यांची तिसरी, ‘ऑर्गन’ सिंफनी १९ मे १८८६ रोजी लंडनमध्ये प्रथम सादर झाली. वाद्यवृंदाचं संचालन खुद्द संगीतकाराचं. पुढे ती संगीतकार फ्रान्झ लिस्ट यांच्या स्मृतीला अर्पण झाली. वाद्यवृंद-संचालक डॅनियल बॅरेनबॉइम यांनी केलेल्या तिच्या १९७५ च्या ध्वनिमुद्रणाची गंमत वेगळीच. शिकागो सिंफनी वाद्यवृंद वाजला शिकागोत, तर अंध वादक गास्तों लितेझ यांचा ऑर्गन फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये. दोन्ही ध्वनिफिती नंतर एकत्र केल्या. एवढा खटाटोप, आणि ऑर्गन निम्म्याहून अधिक वेळ गप्पच! मंद भागात तो जेमतेम कुजबुजतो. शेवटच्या भागाच्या आरंभी मात्र सी मेजरचा असा दणका देतो की जोडकामाची आठवणही राहत नाही. हेडफोन लावलात तर आवाज आधी कमी करा.