पॉम्पेईतील हस्तिदंती मूर्ती आणि आपले कल्याण

इटलीतील पॉम्पेई हे नगर इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथील एका घरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची ही मूर्ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याविषयी तीन प्रश्नांवर अभ्यासकांत चर्चा चालते.

ती घडली कोठे? तळाशी कोरलेल्या खरोष्ठी अक्षरामुळे काहीजण वायव्य भारताकडे बोट दाखवितात. परंतु तिच्याशी साम्य असणाऱ्या हस्तिदंती मूर्ती महाराष्ट्रात तेर व भोकरदन येथेही मिळाल्या आहेत. शिवाय असे अक्षर वाटेतही कोरले जाऊ शकते.

ती होती कशासाठी? प्रारंभी तिला लक्ष्मी म्हटले गेले. मात्र डोक्यापासून खाली गेलेले छिद्र पाहता ती आरशाची मूठ किंवा लहान मेजाचा पाय असावी, असे अनेकांना वाटते. म्हणजे ती पूजेची नव्हे, वापराची वस्तू ठरते.

ती गेली कोणत्या बंदरातून? कल्याणकरांना आपले बंदर आठवणे स्वाभाविक आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याणचा उल्लेख आहे. पण तेर व पैठणचा माल गाड्यांतून भडोचला जाई आणि कल्याणला आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचलाच नेली जात, असेही तोच ग्रंथ सांगतो.

गावाचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु पुराव्याने जेवढे सिद्ध होते, तेवढेच आपले म्हणावे.