वाढते वय आणि मंदावणारी प्रतिक्रिया

भरधाव वाहनासमोर अचानक गुरे आडवी आली, की ती दिसणे आणि ब्रेक दाबला जाणे यांमध्ये काही क्षण जातात. या अवधीला प्रतिक्रियाकाळ म्हणतात. दिवा पेटताच बटण दाबायला सांगितले, तर निरोगी तरुणाला साधारण पाव सेकंद लागतो. आवाजाला मिळणारा प्रतिसाद त्याहून किंचित जलद असतो. वयाबरोबर हा अवधी बदलतो आणि रस्त्यावर त्याचा हिशेब मीटरमध्ये द्यावा लागतो.

संवेदना मेंदूपर्यंत तत्क्षणी पोहोचते, असा समज दीर्घकाळ रूढ होता. जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून हा वेग सेकंदाला सुमारे ३० मीटर, म्हणजे ध्वनीपेक्षाही कितीतरी कमी असल्याचे दाखवले. पुढे १८६८ मध्ये डच संशोधक डॉन्डर्स यांनी पर्याय वाढले की प्रतिसादाला अधिक वेळ लागतो, हे सिद्ध केले.

बालपणी प्रतिसाद संथ असतो, विशीत तो सर्वाधिक जलद होतो, नंतर हळूहळू मंदावतो आणि साठीनंतर ही घट ठळकपणे जाणवू लागते. एकाच खुणेला एकच प्रतिसाद द्यायचा असेल, तर तरुण व ज्येष्ठ यांच्यातील फरक थोडा असतो. मात्र थांबावे, वळावे की पुढे जावे, असा निर्णय घ्यायचा असेल, तर तो वाढतो. शिवाय एकाच वयाच्या ज्येष्ठांमध्येही मोठी तफावत आढळते.

याची कारणे अनेक आहेत. मज्जातंतूंवरील मायलिनचे आवरण झिजते, डोळ्यांना कमी प्रकाशात दिसेनासे होते, सांधे व स्नायू पूर्वीइतके चपळ राहत नाहीत. तथापि सारा दोष मेंदूच्या मंदपणाचा नव्हे. जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे विश्लेषण २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानुसार माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग साधारण साठीपर्यंत टिकून राहतो. त्याआधी दिसणारा विलंब मुख्यतः वाढत्या सावधपणामुळे आणि हालचालींच्या संथपणामुळे होतो. चूक टाळण्यासाठी माणूस थोडा थांबून निर्णय घेतो, इतकेच.

रस्ता मात्र थांबत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. अनपेक्षित अडथळा ओळखून ब्रेक दाबायला दीड सेकंद लागला, तर वेग कमी होऊ लागण्यापूर्वीच २५ मीटर मागे पडतात. आणखी अर्धा सेकंद उशीर झाला, तर हेच अंतर ३३ मीटरवर जाते. गोव्यातील अरुंद वळणांवर, पावसाळी संध्याकाळी, ही आठ मीटर निर्णायक ठरू शकतात.

उपाय मात्र साधे आहेत. पुढच्या वाहनापासून निदान तीन सेकंदांचे अंतर राखावे, रात्रीचा प्रवास कमी करावा, डोळ्यांची नियमित तपासणी करून घ्यावी. गुंगी आणणारी औषधे घेतल्यावर वाहन चालवू नये. पुरेशी झोप आणि नियमित व्यायाम यांचाही लाभ होतो. घरच्या घरी पट्टीचा प्रयोगही करता येतो. दुसऱ्याने अचानक सोडलेली पट्टी चिमटीत पकडताना ती २० सेंटिमीटर खाली गेली, तर प्रतिक्रियाकाळ सुमारे ०.२ सेकंद, ३० सेंटिमीटरला तो पाव सेकंद होतो. अर्थात हा खेळ आहे, वैद्यकीय चाचणी नव्हे.

वयाच्या ५५ वर्षांनंतर वाहन परवान्याचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. पण पाच वर्षांत पुष्कळ बदल होतो. जिथे बसफेरी विरळ आहे, अशा गावांत ज्येष्ठांचे स्वावलंबन स्कूटरच्या किल्लीवरच अवलंबून असते. म्हणून ती काढून घेण्याचा निर्णय जन्मतारीख पाहून नव्हे, तर दृष्टी, औषधे आणि प्रत्यक्ष चालवणे पाहून, त्यांच्याशी मोकळेपणाने बोलून व्हावा.