डिस्प्ले येत नाही : एका तक्रारीचा तीन दशकांचा मागोवा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत संगणक सर्वसामान्यांच्या रोजच्या कामात आला तो नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर. आधी कारखाने, बँका आणि महाविद्यालये, मग डीटीपीवाले, एमएस-सीआयटीची केंद्रे आणि पुढे सेतू, ग्रामपंचायती, तलाठी कार्यालये, जिल्हा परिषदेच्या शाळा. या सगळ्या वाटचालीत दुरुस्तीवाल्याकडे येणारी एक तक्रार मात्र तशीच राहिली: सीपीयू चालू होतो, पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही. तक्रार तीच असली तरी तिचे कारण यंत्राच्या एका भागातून दुसऱ्या भागात सरकत गेले. कारण शोधण्याची आपली पद्धत त्या मानाने सरकली नाही. आजही पहिला हात रॅमकडे जातो, दुसरा मदरबोर्डकडे, आणि तेवढ्यात एखादा धडधाकट मॉनिटर भंगारात निघालेला असतो. काय बिघडले याआधी पडदा नेमका कोणत्या क्षणी काळा राहतो हे विचारले, तर यातला बराच खर्च आणि खोळंबा टळेल, हे मला इथे मांडायचे आहे.

जुनी पद्धत तिच्या काळात चुकीची नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. आयबीएमने १९८७ साली आणलेल्या व्हीजीएच्या पंधरा पिनांच्या जोडणीतून तीन रंगांचे आणि दोन वेळ जुळवणारे संकेत जात. पलीकडचा मॉनिटर कोणता, त्याला काय झेपते, याची चौकशी न करता बहुतेक कार्डे यंत्र सुरू होताच ठरावीक चित्र पाठवून देत. त्यामुळे पडदा काळा असेल तर संशयित मोजकेच: मॉनिटरची वीज, त्याची ट्यूब, केबलची वाकलेली पिन किंवा मुळात सुरूच न झालेले यंत्र. त्या वेळच्या अनेक कॅबिनेटमध्ये एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीच्या, मागेच मॉनिटरसाठी सॉकेट असे, म्हणजे वीजही दोघांना एका ठिकाणाहून मिळे. माण, खटाव, जत, आटपाडीची धूळ आणि पाटण, महाबळेश्वर, शिराळ्याकडची पावसाळी ओल ही दोन्ही रॅमच्या संपर्कपट्ट्यांना मानवणारी नव्हती. खोडरबरने त्या पुसायच्या आणि रॅम पुन्हा घट्ट बसवायची, हा उपाय अनुभवातून आलेला होता आणि लागूही पडत होता. शिवाय कॅबिनेटमधला छोटा स्पीकर साक्ष द्यायचा. अवॉर्ड बायोसच्या यंत्रातून एक लांब आणि दोन आखूड बीप आले की डिस्प्ले कार्डाकडे पाहायचे, हे हार्डवेअरवाल्या पोरांना तोंडपाठ असे. पुढे कॅबिनेट स्वस्त होत गेले, त्यात हा स्पीकर गळाला आणि एक भरवशाचा साक्षीदार गेला.

बदलाची सुरुवात १९९४ साली झाली. व्हेसा या संस्थेने मॉनिटरला स्वतःची ओळख सांगण्याची सोय प्रमाणित केली. आपण कोण, किती रिझोल्यूशन आणि किती रिफ्रेश रेट झेपतो, एवढी माहिती १२८ बाइटांच्या एका छोट्या नोंदीत मॉनिटरच्या आतच ठेवायची आणि ती केबलच्या १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून संगणकाने वाचायची. या नोंदीला ईडीआयडी म्हणतात. सुरुवातीला ही वाचता आली नाही तरी चित्र येई, फक्त ते फुगलेले किंवा अस्पष्ट दिसे. सभागृहात एका यंत्राचे चित्र दोन प्रोजेक्टरवर दाखवणारा स्वस्त स्प्लिटर मध्ये असला, तर ही नोंद अनेकदा संगणकापर्यंत पोचतच नसे. मग १९९९ साली डीव्हीआय, २००२ च्या अखेरीस एचडीएमआय आणि २००६ साली डिस्प्लेपोर्ट आले आणि नात्याची दिशाच उलटली. आता यंत्र आधी पाहते की पलीकडे कोणी आहे का. एचडीएमआयच्या १९ व्या पिनेवरून मॉनिटरने हजेरी द्यायची, मग ईडीआयडी वाचली जायची आणि त्यानंतर चित्र. हजेरी लागली नाही तर त्या पोर्टातून बहुधा काहीच बाहेर पडत नाही. मॉनिटर ठणठणीत, यंत्र ठणठणीत, केबलमधून चित्र वाहू शकेल अशीही स्थिती, तरी पडद्यावर ‘नो सिग्नल’. हा बिघाड आधीच्या पिढीच्या दुरुस्तीत नव्हताच.

त्यात आपल्याकडे जुने आणि नवे नेहमी एकत्र नांदते. इंटेल, एएमडी, सॅमसंग, एलजी, डेल आणि लेनोव्हो यांनी डिसेंबर २०१० मध्ये व्हीजीए २०१५ पर्यंत बाद करण्याचे जाहीर केले, पण कार्यालयातला मॉनिटर जाहीरनाम्यावर बदलत नाही. नव्या सीपीयूला एचडीएमआय, जुन्या मॉनिटरला व्हीजीए आणि मध्ये कन्व्हर्टर, हे दृश्य तालुक्याच्या गावी आजही दिसते. या कन्व्हर्टरमध्ये संकेत बदलणारी चिप लागते. नुसती तार जोडणारा ॲडॉप्टर इथे चालत नाही. डीव्हीआयमध्येही डीव्हीआय-डी प्रकारातून अशा चिपशिवाय व्हीजीएचे चित्र मिळत नाही, मग नुसत्या तारेचे कितीही ॲडॉप्टर बदला. आणखी एक फसवी जागा प्रोसेसरची. इंटेलच्या ‘एफ’ अक्षराच्या प्रोसेसरांत ग्राफिक्स नसते, त्यामुळे मदरबोर्डवरचे एचडीएमआय पोर्ट दिसायला असते, पण त्यातून काहीच येत नाही. केबल वेगळ्या ग्राफिक्स कार्डालाच लावावी लागते.

आता त्या क्षणाकडे येऊ. सुरुवातीपासूनच काहीही दिसत नाही, आणि कीबोर्डवरचे नम लॉकचे बटण दाबल्यावर दिवाही बदलत नाही, तर यंत्रच उठलेले नसण्याची शक्यता मोठी. तिथे रॅम, एसएमपीएस, बायोसची बॅटरी या जुन्या संशयितांना अवश्य तपासावे. कंपनीचा लोगो दिसत नाही, पण मिनिटभराने विंडोजचा पडदा येतो, तर यंत्र आणि मॉनिटर दोन्ही बहुधा निर्दोष आहेत. एक तर लोगो दुसऱ्या पोर्टवर जातो आहे, किंवा मॉनिटर उशिरा जागा होतो आहे, किंवा जुने ग्राफिक्स कार्ड यंत्र सुरू करण्याच्या नव्या यूईएफआय पद्धतीशी जुळत नाही. उलट, लोगो दिसतो आणि विंडोज येताना पडदा काळा होतो, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा किंवा झेपणार नाही अशा रिफ्रेश रेटचा. सेफ मोडमध्ये ते उघड होते, आणि तिथे स्क्रूड्रायव्हरला हात लावण्याचे कारणच नाही. चौथी तऱ्हा वेगळी: चित्र अगदी पुसट आहे, विजेरीचा झोत तिरपा टाकला की खिडक्या आणि अक्षरे दिसतात. ओळख पटलेली आहे, चित्र आलेले आहे. गेला आहे तो मागचा प्रकाश.

यावर कसलेले दुरुस्तीवाले म्हणतील की रॅम पुसून लावली की डिस्प्ले येतो, हे रोज डोळ्यांनी पाहतो. हे खरे आहे आणि म्हणूनच त्याची नीट छाननी व्हायला हवी. रॅम काढण्याआधी वीज तोडली जाते, मॉनिटरची केबल निघते, सीपीयू टेबलावर येतो. परत लावताना केबल घट्ट बसते, मॉनिटरही बऱ्याचदा बंद होऊन नव्याने सुरू होतो. म्हणजे ओळख नव्याने होण्यासाठी जे जे लागते ते सगळे या खटाटोपात आपोआप घडते, आणि श्रेय मात्र खोडरबरला मिळते. झोपेत गेलेले काही मॉनिटर, विशेषतः डिस्प्लेपोर्टवरचे, यंत्राला गैरहजर दिसतात. त्यांचा प्लग मिनिटभर काढला तरी काम होते. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांनी लावलेली एक सवयही इथे नडते. वीज आली की मॉनिटर लगेच जागा होतो, संकेत न मिळाल्याने झोपतो आणि माणूस सीपीयूचे बटण नंतर दाबतो. ‘बंद करून चालू करा’ हा सल्लाही पुरत नाही, कारण विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे ‘शटडाऊन’ हे पूर्ण बंद होणे राहिलेले नाही. ‘रीस्टार्ट’ केल्यावरच यंत्रणा पहिल्यापासून सुरू होते. आधी प्लग, मग केबल, मग दुसरे पोर्ट आणि शेवटी रॅम, असा क्रम ठेवला तरच खरा गुन्हेगार कोण ते कळेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: आमच्याकडे बिघाड वीज आणि पाण्यानेच होतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ फुटांची असताना. २००५ आणि २०२१ मध्येही पेठांत पाणी शिरले. पुरात बुडालेल्या यंत्राला हजेरी आणि ईडीआयडीचा सल्ला देणे निरर्थकच. विजेच्या चढउताराने मॉनिटरच्या पॉवर बोर्डवरचे कपॅसिटर फुगतात हेही खरे, आणि २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर सदोष कपॅसिटर विकले गेले, त्याचा त्रास इथेही पोचला असणारच. मात्र फुगलेल्या कपॅसिटरचीही खूण असते: दिवा लुकलुकतो, मॉनिटर अनेक प्रयत्नांनी सुरू होतो आणि तापल्यावर बरा चालतो. ती खूण दिसत नसताना त्याच दोषाचा शिक्का मारणे म्हणजे निदान नव्हे. फुगलेले दोन-चार कपॅसिटर बदलणे हे तर सोल्डरिंग आणि विजेची खबरदारी दोन्ही जाणणाऱ्या कारागिराला जमणारे काम आहे. त्यासाठी अख्खा मॉनिटर टाकून देण्याची गरज नसते.

राहिला वेळेचा मुद्दा. दाखल्यासाठी रांग लागलेली असताना दुसरा मॉनिटर आणून जोडणे सगळ्यात झटपट, आणि त्याला माझी हरकत नाही. पण दुसऱ्यावर चित्र आले म्हणून पहिला मेला असे सिद्ध होत नाही. तोच पहिला, दुसऱ्या केबलने, चालू यंत्राला लावून पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये. नवी यंत्रे हा गुंता सोडवतील ही आशाही पोकळ आहे. यूएसबी-सीच्या एकसारख्या दिसणाऱ्या पोर्टांपैकी काहींतून चित्र जाते, काहींतून जात नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, त्यामुळे कार्यालयांत नवे सीपीयू येत राहतील आणि त्यांना जुनेच मॉनिटर जोडले जातील. आयटीआय आणि संगणक केंद्रे चालवणाऱ्यांनी म्हणून एवढे करावे: दुरुस्तीच्या पावतीवर ‘डिस्प्ले नाही’ एवढेच न लिहिता, लोगो दिसला का, नम लॉकचा दिवा बदलला का आणि प्लग मिनिटभर काढून पाहिला का, हे तीन प्रश्न छापून घ्यावेत, आणि त्यांची उत्तरे भरल्याशिवाय कॅबिनेट उघडू नये.