मोहाचीं फुलें आणि पहांटेचें रान

फाल्गुन सरत आला कीं चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील रानांत मोहाचीं फुलें गळूं लागतात. हीं रसाळ, गोड फुलें पहांटेपासून टपटप खालीं पडतात. ऊन चढण्याच्या आंत तीं वेंचलीं नाहींत, तर गुरें, चितळें आणि अस्वलें तीं फस्त करतात. म्हणून बायामाणसें टोपल्या घेऊन अंधारांतच घर सोडतात. वाळविलेल्या फुलांचा पैसा आणि त्यामागून येणारा तेंदूपत्त्याचा पैसा पेरणीपूर्वीं हाताशीं येतो. ‘रानांत जाऊंच नका’ असा उपदेश करणें सोपें आहे. तो पाळणें त्या घरांना परवडत नाहीं.

पहिलें संकट मनुष्य स्वतःच ओढवून घेतो. फूल चटकन दिसावें म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवून देण्याची चाल जुनी आहे. त्या सुमारास सागाचीं पानें गळून भुईवर जाड थर झालेला असतो. सकाळीं विझली असें वाटणारी आग दुपारच्या वाऱ्यानें पुन्हा धुमसते आणि वणवा होतो. वनखातें १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ वणव्याचा मानतें तें उगीच नव्हे. या आगींत मोहाचीं रोपेंही जळतात. आज फूल देणारीं झाडें म्हातारीं झाल्यावर त्यांच्या जागीं यावयाचें कोण? काम खराट्यानें होतें. झाडाखालीं जुनीं लुगडीं वा जाळी पसरली तर वेंचण्याचे श्रमही वांचतात. जाळल्यानें तेंदूला कोंवळा पाला फुटतो हें खरें, पण झुडूप बुंध्याशीं छाटलें तरीही तो फुटतोच.

दुसरें संकट वाघाचें. ताडोबाचें राष्ट्रीय उद्यान १९५५ सालीं झालें आणि ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प १९९५ सालीं. परंतु वाघाला सरकारी सीमा ठाऊक नाहीं. ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडे धानाचीं शेतें, तलाव आणि जंगल एकमेकांना इतकीं लागून आहेत कीं गांव कोठें संपलें हेंच कळत नाहीं. मोहाखालीं चितळ येतें, चितळामागें वाघ येतो. वाघ दबा धरून, बहुधा मागून झडप घालतो. सावज सावध झालें तर पुष्कळदां तो बेत सोडून देतो. वांकून फुलें वेंचणारी बाई मागून पाहतां उभ्या माणसासारखी दिसत नाहीं, आणि तिची नजर भुईवर खिळलेली असते. १० मे २०२५ रोजीं सिंदेवाहीच्या जंगलांत तेंदूपत्ता तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यांत प्राणांस मुकल्या. बंगालच्या सुंदरबनांत गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत लोकांनीं डोक्याच्या मागें मुखवटे बांधून पाहिले. आरंभीं गुण आला, पुढें वाघ त्यालाही सरावले असें म्हणतात.

मुखवट्यापेक्षां सोबत बरी. चारपांच जणींनीं जवळजवळ राहावें, मोठ्यानें बोलावें, आणि एकीनें न वेंचतां पाळीपाळीनें नुसतें उभें राहून चहूंकडे पाहावें. तिच्या वांट्याचीं फुलें इतरांनीं द्यावीं. हा वांटा आधीं ठरला नाहीं, तर पहारा पहिल्याच दिवशीं मोडतो. दिसूं लागल्यावांचून निघूं नये. गाडीवाटेच्या धुळींत ताजा माग आहे का तें पाहावें. माकडें एकसारखीं खांकरूं लागलीं किंवा चितळ तीक्ष्ण ओरडलें, तर टोपली तेथेंच ठेवून सर्वांनीं मिळून परतावें. वाघ समोर आलाच तर पळूं नये. पाठ न दाखवितां हळूहळू मागें सरावें. अस्वलाचें निराळें आहे. तें खाण्यांत दंग असतें आणि दचकलें कीं अंगावर येतें, म्हणून झाडाजवळ जातांना दुरूनच हांक द्यावी.

गडचिरोलींत आणखी एक पाहुणा आला आहे. २०२१ सालीं छत्तीसगडांतून हत्तींचा कळप या जिल्ह्यांत शिरला. मोहाचा वास हत्तीला दुरून येतो आणि त्यासाठीं तो कुडाची भिंतही पाडतो. म्हणून जेथें हत्ती फिरत असतील तेथें वाळलेलीं फुलें निजावयाच्या खोलींत ठेवूं नयेत. गांवाच्या मध्यभागीं एखाद्या पक्क्या इमारतींत सर्वांचीं पोतीं एकत्र ठेवावीं.