झाडीपट्टीची वेशभूषा आणि पदवीचे दोन विषय

वैनगंगेच्या खोऱ्यात धानाची कापणी उरकत आली, की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांच्या जंगलपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव शामियाने उभे राहतात, मंडईच्या आणि शंकरपटाच्या निमित्ताने पाहुण्यांनी घरे भरतात आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. या रंगभूमीचे व्यावसायिक केंद्र देसाईगंज अर्थात वडसा हे असून आरमोरी तालुका त्याला लागूनच आहे. झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत श्री. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री किताबाने गौरविण्यात आल्यापासून या रंगभूमीचे नाव महाराष्ट्राबाहेरही पोहोचले आहे.

अशा भागात वाढलेल्या एखाद्या विद्यार्थिनीने बारावीनंतर वेशभूषेचे शिक्षण घ्यावयाचे ठरविले, आणि त्याचबरोबर मराठी वा इतिहास या विषयांतील पदवीही तिला हवी असली, तर तिला मार्ग कोणी दाखवावा? घरची मंडळी हा प्रश्न शिक्षकांना विचारतात, पुष्कळदा ग्रामपंचायतीच्या सदस्यांनाही विचारतात. निवड चुकली, तर तीन-चार वर्षे आणि एखाद्या एकराच्या उत्पन्नाहून कितीतरी अधिक पैसा हातचा जातो. म्हणून या विषयाची थोडी तपशीलवार माहिती असणे अगत्याचे आहे.

वेशभूषा आणि फॅशन या दोन गोष्टी एक नव्हेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. फॅशनचा अभिकल्पक अनोळखी गिऱ्हाइकासाठी वस्त्र बेततो. ते दुकानात शोभले आणि खपले, की त्याचे काम झाले. वेशभूषाकाराला संहितेतील एका विशिष्ट माणसाचे वय, जात, धंदा, ऐपत, प्रसंग आणि काळ हे सारे कापडातून सांगावयाचे असते. सावकाराचे धोतर आणि त्याच्या कुळाचे धोतर एकाच ठाणातून फाडले, तर प्रेक्षक पहिल्या अंकातच गोंधळतो. नऊवारी नेसण्याच्या पद्धती प्रदेशागणिक व कामागणिक बदलतात. रोवणीला उभी राहिलेली बाई आणि वाड्यातली बाई एकसारखी नेसत नाही. ऐतिहासिक नाटकात अंगरखा, जामा, मंदिल, शेला यांचा काळाशी मेळ बसावा लागतो. मराठी वाङ्मय आणि इतिहास या विषयांचा वेशभूषेशी संबंध कोठे येतो, या शंकेचे उत्तर येथेच मिळते. तो अगदी निकटचा संबंध आहे.

झाडीपट्टीच्या रंगमंचाच्या स्वतःच्या अशा गरजाही आहेत. कंपनी आज एका गावी, तर उद्या दुसऱ्या गावी. पेटारे रोज बांधावयाचे आणि रोज सोडावयाचे. कपडा चुरगळला तरी चालेल, पण फाटून चालणार नाही, आणि धुतल्यावर त्याचा रंग जाऊन चालणार नाही. पौषातल्या थंडीत उघड्यावर नाटक करणाऱ्या नटीला आतून उबदार वस्त्र लागते, परंतु ते दिसता कामा नये. दोन प्रवेशांच्या मध्ये एक-दोन मिनिटांत पोशाख बदलावयाचा असेल, तर बटणांच्या जागी दाबबटणे किंवा चिकटपट्टी लावावी लागते. निळ्या प्रकाशात लाल कापड काळपट दिसते, तर पिवळ्या प्रकाशात फिकट पिवळे कापड जवळजवळ पांढरे दिसते. त्यामुळे प्रकाशयोजना ठाऊक नसलेला शिंपी कितीही कुशल असला, तरी तो वेशभूषाकार होत नाही. दंडारीत तर पुरुष कलावंत स्त्रीभूमिका करतात. पुरुषाच्या खांद्यावर व कमरेवर स्त्रीचा पेहराव बसविणे ही एक वेगळीच विद्या आहे, आणि ती आजवर कोणत्याही वर्गात न शिकता येथील माणसांनी हाताने साधली आहे.

कापडाच्या बाबतीत आरमोरीचे स्थान विशेष आहे. या परिसरातील जंगलात ऐन आणि अर्जुन या झाडांवर टसर रेशमाच्या किड्यांचे संगोपन होते, आणि ढिवर समाजातील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हा व्यवसाय करीत आली आहेत. या कोशाचा धागा मुळातच सोनेरी-तपकिरी असतो. त्याची चकाकी तुतीच्या रेशमासारखी डोळ्यांवर येत नाही, त्यामुळे प्रखर दिव्यांखाली टसर वस्त्र भरदार व खानदानी दिसते. विदर्भातील करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तिच्या करवतीच्या दात्यांसारख्या काठाची नक्षी मागच्या रांगेतूनही ओळखू येते. वेशभूषा शिकावयास बाहेर गेलेल्या मुलांना पुष्कळदा हे कापड तेथील नमुन्यांच्या वहीत प्रथम भेटते, ही गोष्ट थोडी गमतीची आणि थोडी खेदाची आहे.

आता अभ्यासक्रमांविषयी. नावावर जाऊ नये, हा पहिला नियम. तामिळनाडूत कोइमतूरकडील अनेक महाविद्यालयांत वेशभूषा-अभिकल्प व फॅशन या नावाची विज्ञान शाखेची पदवी आहे. तिच्या नावात वेशभूषा असली, तरी तिचा भर तंतू, कापड, नमुनाकर्तन आणि तयार कपड्यांचा उद्योग यांवर आहे. उलट नवी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातील तीन वर्षांच्या पदविकेच्या नावात वेशभूषा नाही, पण तेथील अभिकल्प विषयात नेपथ्य व प्रकाशयोजना यांबरोबर वेशभूषा शिकविली जाते. या विद्यालयात प्रवेशासाठी आधी पदवी लागते व नाटकांत काम केल्याचा अनुभवही लागतो. तेव्हा आरमोरीत राहून कला शाखेची पदवी घेणारी आणि हंगामात नाटकात राबणारी मुलगी त्या दारापासून दूर जात नसते, जवळच येत असते. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेची स्थापना १९८६ साली झाली. महाराष्ट्रात तिचे केंद्र नवी मुंबईत असून चार वर्षांच्या पदवीसाठी प्रवेश-परीक्षा द्यावी लागते. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्‌स अकादमी येथे नाट्यशिक्षणाच्या अंगाने हा विषय हाताळला जातो. कोठेही अर्ज करण्यापूर्वी अभ्यासपत्रिका मागवून तीन गोष्टी तपासाव्यात : संहितेवरून वेशभूषेचा आराखडा करावयास शिकवितात काय, वस्त्रांचा इतिहास किती आहे, आणि विद्यार्थ्यांच्या हातून प्रत्यक्ष किती प्रयोग उभे राहतात.

श्रीमती भानू अथैया यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेल्या या कलावतीने मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात चित्रकलेचे शिक्षण घेतले. वेशभूषेची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. ‘आम्रपाली’ या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार घेतला. ‘गांधी’ चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्यासमवेत त्यांना १९८३ साली ऑस्कर मिळाले, आणि तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्यांच्या कामामागे चित्रकला आणि इतिहास यांची जोड होती.

ही जोड औपचारिक पदवीत साधण्याचे दोन मार्ग आज उपलब्ध आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ मधील आराखड्यानुसार एकाच पदवीत दोन प्रमुख विषय घेता येतात. त्यासाठी दुसऱ्या विषयाचे किमान ४० टक्के, म्हणजे १२० श्रेयांकांच्या पदवीत ४८ श्रेयांक मिळवावे लागतात. मात्र दोन्ही विषय त्या संस्थेत शिकविले जात असले, तरच याचा उपयोग. दुसरा मार्ग एप्रिल २०२२ पासून खुला झाला : दोन अभ्यासक्रम एकाच वेळी. दोन्ही नियमित असतील, तर तासिकांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. किंवा एक नियमित व दुसरा मान्यताप्राप्त दूरस्थ अथवा ऑनलाइन पद्धतीचा असावा. आरमोरीत सकाळचा वर्ग आणि नागपुरात दुपारचा वर्ग, हे कागदावर जमले तरी बसच्या वेळापत्रकात जमणार नाही. म्हणून येथील विद्यार्थ्यांसाठी दुसरा पर्यायच व्यवहार्य ठरतो.

त्यातही कोणता विषय वर्गात बसून शिकावा, याविषयी पालकांचा विचार बहुधा उलटा असतो. बी. ए. नियमित आणि वेशभूषा टपालाने, असे ते म्हणतात. वास्तविक कात्री, सुई आणि मापाची फीत यांची विद्या टपालाने येत नाही. कापड बिघडल्याशिवाय आणि शिक्षकाने ते उसवावयास लावल्याशिवाय हात बसत नाही. मराठीची वा इतिहासाची पदवी मात्र यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या संस्थेतून घेता येते. ज्यांना एवढ्यात घर सोडणे शक्य नाही, त्यांनी स्थानिक महाविद्यालयात कला शाखेची पदवी घेऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील शिवणकामाचा एक वर्षाचा व्यवसाय तिच्या आधी किंवा नंतर पूर्ण करावा. हा मार्ग लांबचा खरा, पण स्वस्त आणि भक्कम आहे.

शिष्यवृत्तीच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेणाऱ्यास त्याच वेळी दुसरी शिष्यवृत्ती वा विद्यावेतन घेता येत नाही. म्हणून ज्या अभ्यासक्रमाचा खर्च अधिक, त्याच्याच नावाने अर्ज करणे हिताचे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. प्रवेश निश्चित करण्यापूर्वी, संबंधित संस्था आणि अभ्यासक्रम या योजनांस पात्र आहेत काय, याची लेखी खात्री शिक्षकांनी करून घ्यावी; शुल्क भरल्यानंतर ही चौकशी करून उपयोग होत नाही.

राहता राहिला हंगामाचा प्रश्न. हिवाळी सत्राच्या परीक्षा आणि नाटकांची गर्दी एकाच सुमारास येतात, व रात्रभर रंगपटात काम केलेला विद्यार्थी सकाळी उत्तरपत्रिकेवर डुलक्या घेतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीत क्षेत्र-प्रकल्प व कार्यांतर्गत प्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत. वडशाच्या एखाद्या नाट्यकंपनीतील वेशभूषेच्या कामाचा या श्रेयांकांत समावेश करून घ्यावयाचा असेल, तर प्राचार्यांचे पत्र, कंपनीचे संमतिपत्र आणि कामाची रोजनिशी ही तयारी दिवाळीपूर्वी व्हावयास हवी. कंपन्यांचे मालक त्यानंतर गावोगावच्या दौऱ्यावर असतात आणि माघानंतरच निवांत भेटतात.