सांत्वनाची ख्रिस्ती संकल्पना

दुःख का येते आणि दुःखिताजवळ कसे जावे, हे दोन प्रश्न वरवर पाहता एकाच विषयाच्या दोन बाजू वाटतात. ख्रिस्ती धर्मग्रंथात मात्र त्यांच्या वाटा पुष्कळदा वेगळ्या झालेल्या आढळतात. पहिल्या प्रश्नाला तेथे सर्वांचे समाधान करील असे एकच उत्तर नाही. दुसऱ्याचे उत्तर मात्र बरेच स्पष्ट आहे.

या दृष्टीने जुन्या करारातील ईयोबाचे पुस्तक प्रथम विचारात घ्यावे लागते. संपत्ती, अपत्ये व आरोग्य गमावून राखेत बसलेल्या ईयोबाकडे त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस व सात रात्री एक अक्षरही न बोलता त्याच्याबरोबर भुईवर बसून राहतात. येथवर त्यांचे वर्तन खऱ्या स्नेह्याचे आहे. पुढे ते बोलू लागतात. दुःख हे पापाचे फळ, म्हणून ईयोबाने पाप केलेच असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. ग्रंथाच्या अखेरीस ईश्वराचा कोप होतो तो ईयोबावर नव्हे, तर या मित्रांवर. दुःखाची उपपत्ती सांगणे म्हणजे सांत्वन नव्हे, हा या कथेचा एक इत्यर्थ होय.

सांत्वनाचे विधायक विवेचन पौलाने करिंथकरांस पाठविलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी आढळते. हे पत्र इ. स. 55च्या सुमाराचे. पहिल्या अध्यायातील 3 ते 7 या पाच वचनांत सांत्वनवाचक ग्रीक नाम 'पाराक्लेसिस' व त्याचे क्रियापद मिळून दहा वेळा येतात. 'जवळ बोलावणे' हा त्या क्रियापदाचा मूळ अर्थ. धीर देणे, विनविणे, उपदेश करणे हे अर्थही त्यात सामावतात. योहानकृत शुभवर्तमानात पवित्र आत्म्यास दिलेले 'पाराक्लेतोस' हे नाव त्याच धातूपासून झाले आहे. पौलाचे म्हणणे असे की, ईश्वराकडून संकटात लाभलेला धीर स्वतःपाशी साठवून ठेवण्यासाठी नसतो; तो कोणत्याही संकटात सापडलेल्या दुसऱ्या माणसाला देण्यासाठी असतो. यातील 'कोणत्याही' हा शब्द महत्त्वाचा आहे. सांत्वन करणाऱ्याने नेमके तेच दुःख भोगलेले असावे, अशी अट येथे नाही.

ख्रिस्तचरित्रातही हेच दिसते. लाजरसाला आपण उठविणार, हे ठाऊक असूनही येशू त्याच्या बहिणीचे रुदन पाहून स्वतः अश्रू ढाळतो. उपाय हाती असला तरी शोकात सहभागी होणे अनावश्यक ठरत नाही. उलट गेथशेमाने बागेत त्यालाच सोबतीची गरज भासते, तेव्हा त्याचे शिष्य झोपी जातात.

या विचाराचा विपर्यासही होऊ शकतो. दुःखातून सांत्वनाचे सामर्थ्य येते, म्हणून दुःखच इष्ट, असे म्हणून पीडितांना मुकाट्याने सोसावयास सांगणे या शिकवणीत बसत नाही. आपल्या शरीरातील काटा दूर व्हावा म्हणून खुद्द पौलाने तीनदा प्रार्थना केली होती. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1984 साली दुःखाविषयी काढलेल्या पत्रात चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टान्ताला मोठे स्थान दिले आहे. हा शोमरोनी जखमी वाटसरूची नुसती कीव करीत नाही. जखमा बांधतो, त्याला उतारशाळेत नेतो आणि खर्चही सोसतो.

महाराष्ट्रात या तत्त्वाचे ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. 1874च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात त्यांचे आईवडील व बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. 1880 साली भाऊ आणि 1882 साली पती निवर्तले. पुढे 1896-97च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन त्यांनी शेकडो निराधार मुलींना व विधवांना आश्रय दिला. त्यांतूनच केडगावच्या मुक्तिसदनाचा विस्तार झाला. या कार्याची प्रेरणा सांगताना त्यांनी स्वतःच्या दुष्काळातील आठवणी लिहून ठेवल्या आहेत. स्वतः सोसलेल्या भुकेमुळे परक्याची भूक त्यांना ओळखता आली. मात्र त्या ओळखीचे रूपांतर केवळ सहानुभूतीत न होता अन्न, निवारा व शिक्षण यांत झाले.

सारांश, ख्रिस्ती विचारात सांत्वन हे दुःखाचे स्पष्टीकरण नसून दुःखिताचे सान्निध्य आहे. दुःख का, या प्रश्नाचे उत्तर हाती नसतानाही ते देता येते, आणि कित्येकदा ते उत्तर देण्याचा मोह आवरल्यावरच देता येते.